विमान एका हातातून दुसऱ्या हातात

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानांच्या यादीत आमचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. काल संतवाङ्मय झालं, उद्या नाट्यसंगीत आहे, आणि मधेच हे विमानाचं काय? आम्ही बिनतारीच्या कामातली माणसं. पदविका घेतली आणि सरकारी नोकरीत लागलो. संच दुरुस्त करणं, टॉवरवर चढणं आणि रात्रपाळ्या यांत वर्षं गेली. विमानाशी आमचा थेट संबंध नाही. पण ज्या गोष्टीची आम्हाला दर अनंत चतुर्दशीला धास्ती असते, तीच गोष्ट डोक्यावरच्या आकाशात रोज हजारो वेळा घडते. तिला इंग्रजीत हँडओव्हर म्हणतात. एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं.

इंदुरात राहणाऱ्यांना गिरण्यांच्या झाँक्या सांगायला नकोत. गिरण्या बंद पडून जमाना झाला, तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या नावांनी झाँक्या निघतातच, आणि मिरवणूक रात्रभर चालते. बंदोबस्ताची हद्द बदलते तसा बिनतारीचा चॅनल बदलतो. झाँकीबरोबर चालणाऱ्या आमच्या माणसाने हद्द संपली की जुन्या चॅनलवर ‘पुढे जातोय’ म्हणायचं, बटण फिरवायचं, नव्या चॅनलवर ‘आलो’ म्हणायचं. काम एवढंच.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने ‘जातोय’ म्हटलं, गर्दीत धक्का बसला आणि बटण एका घराऐवजी दोन घरं फिरलं. जुन्या बाजूने वहीत लिहिलं, गेला. नव्या बाजूला वाटलं, मिरवणूक रेंगाळली असेल, येईल. नेमके तेव्हाच गर्दीत एक वयस्क गृहस्थ कोसळले. आमचा माणूस चार मिनिटं रुग्णवाहिका मागत होता आणि त्या चॅनलवर ऐकायला कोणीच नव्हतं. ढोलताशांच्या दणदणाटात उत्तर येत नाहीये की ऐकू येत नाहीये, हेही त्याला कळेना. शेवटी एका मंडळाच्या पोरांनी त्या गृहस्थांना उचलून गल्लीतून बाहेर काढलं. ते वाचले. सकाळी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या, तर दोन्ही बरोबर! चूक एकाही वहीत नव्हती. ती दोन वह्यांच्या मधे होती.

आता हेच आकाशात बघू.

प्रत्येक विमानतळाला चार अक्षरांचं एक आंतरराष्ट्रीय नाव असतं. तिकिटावर छापतात ते तीन अक्षरांचं नव्हे; हे वैमानिकांच्या आणि नियंत्रकांच्या वापरातलं. भारताचं आकाश मुख्यतः चार क्षेत्रांत वाटलेलं आहे : दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. दिल्लीकडच्या विमानतळांची नावं व्ही-आय या अक्षरांनी सुरू होतात, मुंबईकडची व्ही-ए, कोलकात्याकडची व्ही-ई, चेन्नईकडची व्ही-ओ. नागपूर आणि बडोदा व्ही-एमध्ये, हैदराबाद व्ही-ओमध्ये. ग्वाल्हेरचं नाव आहे व्ही-आय-जी-आर आणि आपल्या इंदूरचं व्ही-ए-आय-डी. म्हणजे राज्य एकच, पण आकाशात ग्वाल्हेर दिल्लीकडे आणि इंदूर मुंबईकडे. शिंदे-होळकरांचं वरती अजून मिटलेलं दिसत नाही!

तर बिजासन टेकडीजवळच्या आपल्या विमानतळावरून दिल्लीला निघालेलं विमान सुरुवातीला मुंबईच्या क्षेत्रात असतं आणि वाटेत दिल्लीच्या हाती जातं. हैदराबादला निघालं तर चेन्नईच्या हाती. शिवाय प्रत्येक क्षेत्राचे आत तुकडे असतात. जमिनीवर टॉवर, उडाल्यावर जवळच्या आकाशाचा नियंत्रक, मग वरच्या मार्गांचे नियंत्रक, आणि उतरताना तेच उलट्या क्रमाने. तासा-दीड तासाच्या प्रवासातही विमान अनेकदा एका हातातून दुसऱ्या हातात जातं. आपण आत बसून चहा पीत असतो.

हे काम अजूनही बहुतेक ठिकाणी आवाजावर चालतं. नियंत्रक म्हणतो, आता अमुक केंद्राशी अमुक फ्रिक्वेन्सीवर बोला. वैमानिक तो आकडा परत म्हणून दाखवतो, संच त्या आकड्यावर लावतो आणि नव्या नियंत्रकाला हाक मारतो. ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा त्यासाठी राखलेला आहे. आम्हाला सुरुवातीला नवल वाटायचं की आमचे संच एफएमवर चालतात आणि विमानांचे मात्र जुन्या एएमवर. कारण समजलं तेव्हा पटलं. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस आवाज कमकुवत आवाजाला गिळून टाकतो, आणि दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन लहरी एकमेकींत मिसळून कर्कश शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण ‘आणखी कोणीतरी आहे’ एवढं कळतं. विमानाच्या धंद्यात तेवढं कळणंही मोलाचं असतं.

अंतर आणि वेगाचा थोडा हिशेब करू. प्रवासी विमान साधारण ३५,००० फुटांवर ताशी ८५० किलोमीटरने जातं. म्हणजे मिनिटाला १४ किलोमीटर. आमच्या त्या चार मिनिटांत विमान ५६ किलोमीटर पुढे गेलं असतं, म्हणजे इंदूरहून उज्जैनच्या पार. त्या उंचीवरून रेडिओची नजर सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत पोचते, म्हणून एका केंद्राच्या टप्प्यात विमान बराच वेळ राहतं. यावरून कोणी म्हणेल, मग हँडओव्हरला घाई कशाला? घाई त्या एका क्षणासाठी आहे. रडारखाली एकाच उंचीवरच्या दोन विमानांत ठेवायचं नेहमीचं अंतर ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर ते अंतर २० सेकंदांत संपतं. उंची वेगळी ठेवलेली असते म्हणून रोज काही होत नाही. पण ज्या वेळी उंची चुकते, नेमकं त्याच वेळी विमान दोन हातांच्या मधे लोंबकळत असलं तर काय?

मधल्या जागेचं सर्वांत भयंकर उदाहरण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं एमएच ३७०, आत २३९ माणसं. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी क्वालालंपूरच्या नियंत्रकाने सांगितलं, हो ची मिन्हशी १२०.९ वर बोला. वैमानिकाने शुभरात्री म्हटलं आणि विमानाचं नाव घेतलं. फ्रिक्वेन्सी मात्र परत म्हणून दाखवली नाही. दोनच मिनिटांत विमान नियंत्रकाच्या रडारवरून पुसलं गेलं. क्वालालंपूरच्या लेखी ते गेलेलं होतं, हो ची मिन्हच्या लेखी यायचं होतं. हद्दीवर ते १ वाजून २२ मिनिटांनी अपेक्षित होतं आणि वेळ टळल्यावर पाच मिनिटांत विचारणा करायची असं दोन्ही केंद्रांत ठरलेलं होतं. विचारणा झाली १ वाजून ३९ मिनिटांनी. तोवर विमान वळून उलट दिशेला कुठल्याकुठे गेलेलं होतं.

हँडओव्हरमुळे ते विमान नाहीसं झालं असं आम्ही म्हणत नाही. नेमकं काय झालं हे कोणालाच सांगता आलेलं नाही. पण नाहीसं झालं ते बरोबर सांध्यावर, आणि सांधा होता म्हणूनच सतरा मिनिटं कोणाला काही वाटलं नाही. आमच्या दोन वह्यांसारख्या त्या दोन वह्यासुद्धा आपापल्या जागी बरोबर होत्या.

एक उदाहरण आपल्याकडच्या विमानाचंही आहे, आणि ते सुखरूप संपलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जर्मनीवरून जाताना जमिनीशी संपर्क तुटला. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं त्याच्या बाजूला येऊन उडू लागली. मग संपर्क झाला आणि विमान लंडनला नीट उतरलं. युरोपात असे प्रसंग इतके होतात की त्यांना वेगळं नाव आहे, आणि कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं : फ्रिक्वेन्सी बदलताना आकडा चुकला, किंवा बदला म्हणून सांगितलेलं ऐकूच आलं नाही. पण जमिनीवरच्या माणसाला काय कळणार? ११ सप्टेंबर २००१ नंतर गप्प झालेलं विमान म्हणजे अपहरण असू शकतं. म्हणून लढाऊ विमानं उडतात.

आता दुसरी बाजू. आलो म्हणणारा खरंच आपलाच कशावरून?

एका वर्षी मिरवणुकीत आमचा एक संच गर्दीत पडला. सापडेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. ज्याच्या हाती तो संच, तो आमच्यातलाच झाला. त्याने ‘झाँकी मागे घ्या’ म्हटलं असतं तर शंभरातल्या नव्वदांनी ऐकलं असतं. सुदैवाने संच एका चणेवाल्याला सापडला आणि त्याने आणून दिला. त्या रात्रीनंतर आम्ही हजेरीला रोज बदलणारा एक शब्द ठेवला. मेलबर्नला २०१६ मध्ये मात्र हे प्रत्यक्ष घडलं. एक तरुण नियंत्रकांच्या आणि विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर खोटे संदेश देत होता, आणि त्यामुळे एका प्रवासी विमानाने उतरता उतरता उतरणं सोडून दिलं. विमानाच्या आवाजी रेडिओला कुलूप नाही. ज्याच्याकडे संच आहे तो बोलू शकतो. आजवर आकाश सुरक्षित राहिलं ते नियंत्रकांचे कान तयार आहेत, भाषा ठरलेली आहे आणि परत म्हणून दाखवायची सवय आहे म्हणून.

आवाजाऐवजी अक्षरं पाठवायची कल्पना जुनी आहे. एकार्स नावाची टेलेक्ससारखी पद्धत १९७८ पासून विमानांत आहे. पुढे नियंत्रक आणि वैमानिक यांनी थेट लिखित संदेशांनी बोलायची सोय झाली. तिला सीपीडीएलसी म्हणतात. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना तिचा मोठा उपयोग आहे, कारण भर समुद्रात नेहमीचा रेडिओ पोचत नाही आणि लांब पल्ल्याच्या एचएफवर खरखर इतकी की एकच वाक्य तीनदा सांगावं लागतं.

या लिखित पद्धतीत हँडओव्हर कसा होतो, ते आम्हाला फार आवडलं. विमान क्षेत्रात शिरण्याच्या १० ते २५ मिनिटं आधी वैमानिक त्या केंद्राच्या चार अक्षरांनी नाव नोंदवतो, मुंबईसाठी व्ही-ए-बी-एफ. त्यानंतर एका वेळी एकाच केंद्राचा हुकूम चालतो. हद्द जवळ आली की चालू केंद्र विमानाला कळवतं, तुझा पुढचा मालक अमुक. मगच पुढच्या केंद्राला विमानाशी जोडणी करता येते, आणि जोडणी झाली तरी त्याला हुकूम सोडता येत नाही. ते नुसतं हात धरून उभं राहतं. जुन्या केंद्राने ‘सेवा समाप्त’ असा संदेश पाठवला की त्याचा हात सुटतो आणि नव्याचा हुकूम सुरू होतो. ज्याचं नाव जुन्याने सांगितलेलंच नाही असं तिसरंच केंद्र दार ठोठावू लागलं, तर विमान दार उघडत नाही. लग्नाच्या बोलणीला ओळखीचा माणूस मधे लागतो, त्यातलाच हा प्रकार.

पण यात एक उणीव आहे. ओळख करून देणारा खरा कशावरून? चार अक्षरं कोणीही लिहू शकतं. संदेश उघडे जातात आणि खाली खरी सही नसते. ही पद्धत बसवली तेव्हा असा रेडिओ बनवणं कोणा एकट्यादुकट्याच्या आवाक्यात नव्हतं. आता संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ इंजिनीअरिंगचा विद्यार्थी खिशातून विकत घेतो आणि बाकीचं सगळं सॉफ्टवेअरमध्ये करतो. उपाय शोधणं भाग आहे.

सहीची विद्या काही नवी नाही. डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये दाखवलं की दोघांनी भर चौकात एकमेकांना काही आकडे ओरडून सांगितले, सगळ्या गावाने ते ऐकले, तरी त्यांवरून त्या दोघांनाच एक गुप्त आकडा काढता येतो. तो आकडा म्हणजे किल्ली. पण नुसत्या किल्लीने समोरचा कोण हे कळत नाही. एखाद्या तोतयाशीच आपण किल्ली ठरवून बसू. म्हणून दोघांनीही सही करायची आणि ती सही आपलीच असल्याचं, एखाद्या विश्वासू संस्थेने दिलेलं ओळखपत्र दाखवायचं. विमानाने जमिनीला आणि जमिनीने विमानाला, दोन्ही बाजूंनी. फोनवर बँकवाला आपली जन्मतारीख विचारतो, पण तो बँकेचाच आहे हे आपण विचारत नाही. तसलं एकतर्फी इथे चालणार नाही.

इथे सुरक्षितता आणि वेग यांचं भांडण सुरू होतं. विमानांसाठी आज वापरात असलेली एक डिजिटल वाहिनी, व्हीडीएल मोड २, सेकंदाला साडेएकतीस हजार बिट नेते, आणि तीही टप्प्यातल्या सगळ्या विमानांत वाटून. आपल्या मोबाइलपुढे हे बैलगाडीसारखं आहे. आत्ता वापरतात ती डिजिटल सही साधारण ६४ बाइटची असते. तेवढी सहज जाते. पण क्वांटम संगणक आले तर ती सही मोडता येईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या सह्या ठरवून दिल्या. त्यातल्या एका पद्धतीची सर्वांत लहान सही २,४२० बाइटची आहे. सही आणि ओळखपत्र मिळून सहा हजारांवर बाइट होतात, म्हणजे वाहिनी पूर्ण मोकळी असली तरी एका बाजूचेच दीड सेकंद. दोन्ही बाजू, मधले व्यत्यय, इतर विमानांची रांग धरा, की सेकंदांचा हिशेब पुढेच सरकत जातो. क्वांटमचं पुढचं पुढे पाहू असं म्हणूनही चालत नाही, कारण विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं. आज बसवलेली यंत्रं आपल्या समोर बसलेल्या या बालगोपाळांना घेऊन उडणार आहेत.

मग करायचं काय? संशोधकांनी शोधलेली वाट सांगायला सोपी आहे. पूर्ण ओळखपरेड एकदाच करायची, विमान पहिल्यांदा जोडलं जातं तेव्हा, घाई नसताना. त्यानंतर दर हँडओव्हरला जुन्या जागेने नव्या जागेला जमिनीवरच्या तारेतून आधीच कळवायचं : अमुक विमान येतंय, मी त्याला पारखलेलं आहे, ही घे त्याची नवी किल्ली. ही नवी किल्ली जुनीवरून एकाच दिशेने जाणाऱ्या गणिताने काढलेली असते. जुनीवरून नवी निघते. नवीवरून जुनी काढता येत नाही, म्हणून जुन्या जागेशी झालेलं बोलणं नव्या जागेला उलगडत नाही. विमानही आपल्या बाजूला तेच गणित करतं. हवेतून एक छोटा संदेश जातो, एक येतो, दोघांच्या किल्ल्या जुळतात आणि काम झालं. सहा हजार बाइटऐवजी काही दहा-वीस बाइट. तुमच्या आमच्या खिशातला ४जी फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना साधारण याच तत्त्वाने चालतो. देवासला जाताना बसमध्ये बोलणं तुटत नाही, ते यामुळेच.

यात एक खोच आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या जागेने नवी किल्ली काढून दिली, म्हणजे तिच्याकडे त्या किल्लीची प्रत आहेच. भाडेकरू घर सोडून जाताना किल्ली देऊन जातो, पण खिशात एक जास्तीची राहिली असली तर? जुनी जागा प्रामाणिक असेल तर प्रश्नच नाही. पण तिच्यात कोणी शिरलेला असेल तर तो विमानाच्या मागे मागे पुढच्या प्रत्येक जागी जाईल. म्हणून नव्या जागी पोचून बूड टेकलं की सावकाशीने कुलूपच बदलायचं. परत चौकातला आकड्यांचा व्यवहार करून अगदी ताजी किल्ली ठरवायची. म्हणजे सांध्यावर चटकन, आणि सांधा ओलांडल्यावर पक्कं. ही वेळेची विभागणी आम्हाला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. भोवती ढोल वाजत असताना कागदपत्रं तपासत बसायचं नाही, आणि ढोल थांबल्यावर तपासायचं विसरायचंही नाही.

आता जमिनीवरच्या तारेबद्दल. हे सगळं तिच्यावर उभं आहे, आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेन गावावर दोन विमानं एकमेकांवर आदळली, ७१ माणसं गेली. त्या आकाशाचा ताबा स्वित्झर्लंडच्या झ्युरिक केंद्राकडे होता, आणि तिथे त्या रात्री दुरुस्तीमुळे टेलिफोनची मुख्य यंत्रणा बंद होती. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या नियंत्रकाला टक्कर होणार हे आधी दिसलं. तो झ्युरिकला फोन लावत राहिला. फोन लागला नाही. विमानं त्याच्या ताब्यातली नसल्यामुळे तो त्यांच्याशी थेट बोलू शकत नव्हता. त्या अपघाताला कारणं अनेक होती. विमानातल्या यंत्राने एक सांगितलं, नियंत्रकाने दुसरं, हे तर मोठंच. पण दुरुस्तीसाठी तार बंद ठेवताना शेजाऱ्याचं काय होईल हा प्रश्न आम्हा दुरुस्तीवाल्यांना तेव्हापासून झोंबतो. आमच्याकडे रिपीटर बंद ठेवायचा असला तर आम्ही आधी शेजारच्या केंद्राला फोन करून सांगतो. असा लेखी नियम नाही. करतो.

नवीन यंत्रणेचं नाव एलडॅक्स. ९६० ते ११६४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, विमानांच्या जुन्या अंतर मोजणाऱ्या यंत्रांच्या सांदीसपाटीत जागा करून ती बसवायची आहे. तिचा वेग आजच्या वाहिनीच्या अनेक पट आहे, आणि सही-किल्लीची व्यवस्था मागाहून ठिगळ लावावं तशी न जोडता सुरुवातीपासून आत विणलेली आहे. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ आणि विमान संशोधन संस्थेने २०१९ मध्ये प्रत्यक्ष विमान उडवून ती तपासली. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफने २०२३ मध्ये तिच्यावर माहितीपत्र काढलं. जगभरच्या विमानांत ती यायला वर्षं लागतील. विमानात साधा स्क्रू बदलायचा तरी परवानगीचे कागद लागतात; सरकारी नोकरीत असल्याने आम्हाला त्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

एका प्रश्नावर आमच्यात चहाच्या टपरीवर बरेच वाद झाले. किल्ली जुळलीच नाही तर? बँकेत सही जुळली नाही तर चेक परत करतात. विमान परत करता येत नाही. ते वर आहे, आत माणसं आहेत, आणि सही जुळत नाही म्हणून त्याच्याशी बोलणं बंद करणं म्हणजे चोराच्या भीतीने घराला आग लावणं. म्हणून आवाजाचा रेडिओ शिल्लक ठेवावाच लागतो. पण आवाज शिल्लक ठेवला की लबाड माणूस डिजिटल वाहिनीवर मुद्दाम गोंगाट करून सगळ्यांना त्या बिनकुलपाच्या आवाजावर ढकलू शकतो. आमच्यातले तरुण म्हणतात, आवाज बंद करा. आम्ही जुने म्हणतो, आवाज राहू द्या. पण डिजिटल तुटून आवाजावर आलात तर नियंत्रकाच्या पडद्यावर त्या विमानापुढे ‘ओळख पटलेली नाही’ एवढं ठळक दिसू द्या, आणि आकडा परत म्हणून दाखवायची शिस्त सोडू नका. एमएच ३७० च्या त्या शेवटच्या वाक्यात आकडा नव्हता, हे आम्ही नव्या मुलांना शिकवताना दर वेळी सांगतो.

मिरवणुकीतल्या त्या रात्रीनंतर आमची पद्धतही बदलली. आता जुन्या बाजूने ‘गेला’ असं वहीत लिहायचंच नाही. ‘पाठवला’ लिहायचं. नव्या बाजूकडून ‘मिळाला’ असा निरोप आला की मग त्यापुढे वेळ टाकायची. दोन मिनिटांत निरोप आला नाही तर जुन्या बाजूने विचारायचं, आणि तोवर त्याच्या चॅनलवर कान ठेवायचा. वहीत एक रकाना वाढला. सुरुवातीला लोकांनी कुरकूर केली, आता सवय झाली आहे. येत्या अनंत चतुर्दशीला राजवाड्याजवळ आमच्यातलं कोणी कानाला संच लावून उभं दिसलं तर हाक मारा, पण उत्तर लगेच आलं नाही तर राग मानू नका.

आरतीला अजून दहाएक मिनिटं आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. बालगोपाळांनी आधी विचारावं.